त्रिशलाबाईंची रेघ

रक्त तपासायच्या पट्ट्यांचा नवा घाणा तयार झाला की त्यावर पहिला थेंब त्रिशला मगदूमच्या रक्ताचा पडायचा. मिरजेबाहेर मालगावच्या रस्त्याला ‘अंकुर जैविके’चा कारखाना होता आणि तिथली ही पद्धत इतकी जुनी झाली होती, की ती कोणी घालून दिली हे आठवणारं तिच्याशिवाय कोणी उरलं नव्हतं. थेंब पडला, पट्टीवर जांभळी रेघ उठली आणि ती चांगली गडद असली, की घाणा पास. रेघ फिकी आली तर सगळा माल भट्टीत. देशोदेशी जाणाऱ्या त्या पट्ट्या शेवटी मिरजेच्या एका बाईच्या रक्तावर पारखल्या जायच्या. त्रिशलेला याचा अभिमान होता, आणि तो कुणालाही झाला असता.

पशुवैद्यकाची पदविका घेऊन ती ऐन विशीत इथल्या शेळ्यांच्या गोठ्यावर लागली, ती पन्नाशीला आली तरी तिथंच होती. लग्न राहून गेलं. आई-वडील लवकर गेले, धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, आणि उरलेली सगळी माया शेळ्यांवर उधळली. त्यांची बाळंतपणं ती उघड्या हातांनी करायची. रक्त काढताना एखादीनं मान झटकली की सुई हिच्याच बोटात घुसायची; असं किती वेळा झालं त्याला गणती नव्हती. हातमोजे घाला म्हणून सांगणारे साहेब थकले आणि निवृत्त झाले. “त्यांना माझा हात ओळखू येतो, रबर येत नाही,” असं तिचं ठरलेलं उत्तर. म्हातारी झालेली एकही शेळी तिनं खाटकाकडं जाऊ दिली नव्हती. जैन घरातली बाई, याच अटीवर ती नोकरीत राहिली होती.

या शेळ्या दुधासाठी पाळलेल्या नव्हत्या. माणसाच्या यकृताचा तुकडा काढला तर उरलेलं यकृत पुन्हा वाढतं, हे जुनंच ज्ञान. पण ही वाढ आपोआप होत नाही. पेशींना कामाला लावणारं एक प्रथिन रक्तात यावं लागतं. मुकादमानं हाक दिल्याशिवाय ऊसतोडीची टोळी फडात उतरत नाही, तसंच हे. म्हणून कारखान्यात सगळे त्या प्रथिनाला मुकादमच म्हणत. माणसाचं हे प्रथिन शेळीला थोडंसं टोचलं की तिच्या शरीराला ते परकं वाटतं आणि त्याला पकडणारी प्रतिपिंडं ती तयार करते. ती तिच्या रक्तातून गाळून घ्यायची. काही पट्टीवर चिकटवायची, काहींना जांभळा रंग जोडून मोकळी सोडायची. तपासायच्या रक्तात मुकादम असला, की पट्टीवरची प्रतिपिंडं त्याला एका बाजूनं धरतात आणि रंगीत प्रतिपिंडं दुसऱ्या बाजूनं. दोघांनी दोन टोकांनी सतरंजी धरावी तसं. सतरंजी असली तर दोघं जोडलेले राहतात आणि रेघ दिसते. नसली तर रंग वाहून जातो.

यकृत द्यायला तयार झालेल्या माणसाला आधी एक गोळी द्यायची. ती गोळी मुकादमाला उठवते. मग रक्त पट्टीवर घालायचं. रेघ गडद आली, तर या माणसाचं यकृत झपाट्यानं वाढणार. मग त्याचं बहुतेक यकृत काढून घेतलं तरी चालतं. पूर्वी हाडकुळ्या बहिणीचं यकृत धिप्पाड भावाला पुरत नसे. आता पुरू लागलं. या एका पट्टीनं हजारो माणसं वाचली होती, यात शंका नाही.

पण पट्टीनं आणखीही काही केलं होतं. पूर्वी एखाद्याची द्यायची तयारी नसली, तर डॉक्टर त्याला बाजूला घेऊन विचारत आणि बाहेर येऊन नातेवाइकांना सांगत, “यांचं जुळत नाही हो.” त्या एका खोट्यावर कित्येक घरं शाबूत राहिली होती. पुढं लपवाछपवी नको म्हणून कायदा आला, आणि पट्टी सगळ्या कुटुंबासमोर काढायची असं ठरलं. हेतू चांगलाच होता. झालं असं, की ज्याची रेघ गडद, त्यानं द्यायचं. त्याला कोणी विचारेनासं झालं. लग्नाच्या बोलण्यातसुद्धा मुलीची उंची, शिक्षण आणि मग हळूच, “रेघ कशी आहे?”

त्रिशलेची रेघ तर गोळी न घेताच गडद यायची. हे नवल कारखान्यातल्या सगळ्या शास्त्रज्ञांनी पाहिलं होतं. “बाई जन्मजात दणकट आहेत,” असं म्हणून सगळ्यांनी ते कौतुकानं सोडून दिलं होतं.

*

तिच्या धाकट्या भावाचं, भरतेशचं यकृत त्याच्या स्वतःच्याच शरीरानं परकं ठरवलं होतं. दारूच्या थेंबाला न शिवलेला, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा पहिलवानी अंगाचा माणूस. वर्षभरात हळदीसारखा पिवळा पडला आणि पोट फुगून बसला. डॉ. शबनम मुजावर यांच्या खोलीत त्या दिवशी तिघं होती. भरतेश, त्याची बायको पद्मजा आणि त्रिशला. पद्मजाचा रक्तगटच जुळत नव्हता. मुलगा शाळकरी, कायद्यानं वर्ज्य. उरली त्रिशला.

थेंब पडला आणि रेघ अशी उमटली, की डॉक्टरही क्षणभर बघत राहिल्या.

“वन्सं!” पद्मजानं तिचे दोन्ही हात धरले. भरतेश खाली मान घालून रडत होता.

“अक्का, माझ्यासाठी तू काय काय करायचं गं?”

“गप बस. माझं परत वाढणारच आहे. शेळीचे केस कापले तर शेळी रडते का?”

“त्रिशलाताई, तुमच्या बांध्याला साधारण नियमानं मी इतकं यकृत काढलंच नसतं,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “पण ही रेघ बघून काढते. पुढच्या आठवड्यात करूया.”

बाहेर बाकड्यावर एक तरुण बाई बसली होती. डोक्यावर पदर, मांडीवर पेंगणारी मुलगी. सारिका कोळेकर, जतच्या बाजूची. तिचीही पट्टी त्याच सकाळी निघाली होती. त्रिशला पाणी प्यायला थांबली, तशी तीच आपणहून बोलली.

“तुमची बी रेघ गडद आली म्हनं?”

“आली. तू कुणाला देतीस?”

“थोरल्या दिरास्नी. घरातल्या समद्यांची काढली की. मालकांची फिकी, जावंची तर उठलीच न्हाई. माझीच आली.” ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. “मेंढरामागं हिंडत्यात धनगराच्या बायका, त्यांचं काळीज घट असतंय, असं सासरं म्हनलं. तुमच्या आदुगर हाय माझं. शुक्रवारी.”

“भीती वाटते का?”

सारिकानं पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले. “वाटती की. पर आता रेघच आली म्हनल्यावर काय बोलायचं?”

*

गुरुवारी कारखान्यात वेगळीच गडबड होती. शेळ्या आता म्हाताऱ्या होत चालल्या होत्या, आणि कंपनीनं यीस्टच्या पेशींकडून प्रतिपिंडं करून घ्यायचं ठरवलं होतं. शेळी नाही, सुई नाही, टाकीत उकळ्या फुटाव्यात तसं फसफसून माल तयार. त्रिशलेला ते मनापासून आवडलं होतं. पण या नव्या पट्टीचे दोन घाणे तिनं आधीच नापास केले होते, कारण तिची रेघ त्यांवर उठली नव्हती. आज तिसरा.

मुख्य शास्त्रज्ञ डॉ. केतकी गुळवणी यांनी स्वतः थेंब टाकला. रेघ नाही. पट्टी कोरी करकरीत.

“झालं!” गुळवणीबाईंनी हात झटकले. “टाका भट्टीत. तुमच्या रक्तात मुकादम ओसंडतोय आणि या पट्टीला तो दिसत नाही, म्हणजे आंधळी आहे ती.”

त्रिशलेनं पट्टी उचलली. मग बाकीच्या पट्ट्यांकडं तिची नजर गेली. गोळी घेतलेल्या इतर माणसांच्या रक्ताच्या पट्ट्या शेजारीच मांडलेल्या होत्या. त्यांच्यावर रेघा होत्या, जिथं गडद हव्यात तिथं गडद, जिथं फिक्या हव्यात तिथं फिक्या. जुन्या पट्टीशी तंतोतंत जुळणाऱ्या. नव्या पट्टीला सगळ्यांचा मुकादम दिसत होता. एकटीचा तेवढा दिसत नव्हता.

“बाई, ही आंधळी नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“काही नाही. मी जरा बघून सांगते. माल तेवढा ठेवा.”

गुळवणीबाई जेवायला गेल्या. त्रिशलेनं शीतकपाटातून साध्या शेळीचं सीरम काढलं. कधीही काहीही न टोचलेल्या शेळीचं. त्यात मुकादमाला पकडणारं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. ते तिनं आपल्या रक्तात मिसळलं, थोडा वेळ जाऊ दिला आणि जुन्या, आपल्या ओळखीच्या पट्टीवर थेंब टाकला.

रेघ उठली नाही.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा नाही.

मग तिच्या लक्षात आलं. माणसाचं प्रथिन शेळीला टोचलं की शेळी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं करते. मग इतकी वर्षं शेळीचं रक्त माणसाच्या बोटात जात राहिलं, तर माणूस काय करेल? तिच्या शरीरानं शेळीला परकं ठरवलं होतं. तिच्या रक्तात शेळीच्या प्रतिपिंडांना पकडणारी प्रतिपिंडं होती. ती पट्टीवरच्यांना एका हातानं धरत होती, रंगीत असलेल्यांना दुसऱ्या हातानं. मध्ये सतरंजी नव्हतीच. कोणीतरी दोघांचे हात नुसतेच एकमेकांना बांधून ठेवत होतं. साधं सीरम मिसळलं, की तिची प्रतिपिंडं त्यातच गुंतून पडत होती आणि पट्टीपर्यंत पोचत नव्हती. यीस्टच्या पट्टीत तर शेळीचं काहीच नव्हतं, म्हणून ती कोरी.

तिच्या रक्तात मुकादम नव्हता. इस्पितळातल्या गोळीचा असर अजून अंगात होता, तरीही नव्हता. तो आहे असं सगळ्यांना वाटलं, कारण शेळ्यांच्या कारखान्यानं खऱ्याखोट्याची पारख करायला शेळ्यांतच जन्म काढलेली बाई निवडली होती.

म्हणजे पुढच्या आठवड्यात तिचं बहुतेक यकृत जाणार, आणि उरलेलं वाढणार नाही. भरतेश वाचेल. ती वाचणार नाही.

ती गोठ्यात जाऊन बसली. एक शेळी येऊन तिच्या खांद्याला नाक घासू लागली, आणि तिनं सवयीनं तिची मान खाजवली. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली ती थोडा वेळच. मग जे मनात आलं ते भीतीपेक्षा विचित्र होतं. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असं तिला वाटलं. पट्टी भट्टीत गेली की संपलं. भरतेश पस्तिशीतला. त्याचं पोर लहान. आपल्यामागं रडणारं कोण आहे? आठवडाभर तोंड शिवून बसायचं, एवढंच काम. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाचीच तिला लाज वाटली, कारण त्याच वेळी तिला मांडीवर पोर घेतलेली सारिका दिसली होती.

मेंढरामागं हिंडत्यात. मेंढी आणि शेळी रक्तानं इतकी जवळची, की एकीच्याविरुद्ध झालेली प्रतिपिंडं दुसरीलाही सोडत नाहीत. आणि उद्या शुक्रवार.

*

तिनं आधी आडवळणानं जाऊन बघितलं. डॉ. मुजावरांना फोन लावला आणि म्हणाली, “डॉक्टर, ती जतची सारिका कोळेकर, तिची पट्टी पुन्हा काढा.”

“का? पट्टी तुमच्याच कारखान्याची आहे.”

“तो घाणा सदोष असेल.”

“मी दोन वेगवेगळ्या घाण्यांवर काढली, ताई. दोन्हीवर गडद. काय झालंय?”

अजूनही सुटका होती. काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. तिला ताप आहे म्हणावं, खोकला आहे म्हणावं. पण ताप उतरला असता आणि सारिका पुढच्या शुक्रवारी त्याच टेबलावर गेली असती. तिच्यानंतर दुसरी कोणी, शेळ्या-मेंढ्यांच्या मागची.

“तिच्या रक्तात साधं शेळीचं सीरम मिसळा आणि मग काढा,” ती म्हणाली. “रेघ जाईल. ती रेघ मुकादमाची नाही. जनावरांची आहे.”

मुजावरबाई हुशार होत्या, त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या,

“त्रिशलाताई, तुमची काढून बघितली?”

हाच तो प्रश्न होता. नाही म्हटलं असतं, तर त्यांनी स्वतः बघितलं असतं. हो म्हटलं, तरी सगळं संपलंच.

“बघितली,” ती म्हणाली. “माझीही जाते.”

*

सारिकाची रेघ खरोखरच गेली. तिला संध्याकाळच्या गाडीनं घरी पाठवलं. दिरासाठी दुसरा कोणी बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. रात्रीपर्यंत सगळीकडच्या इस्पितळांना निरोप गेले, की जनावरांत वावरणाऱ्या माणसांच्या पट्ट्या साधं सीरम मिसळून पुन्हा काढा. आजवर गडद रेघ येऊनही दगावलेले देणारे कोण होते, त्यांचा धंदा काय होता, हे गुळवणीबाई शोधायला बसल्या आणि त्यानंतर कित्येक दिवस त्या कुणाशी धड बोलल्या नाहीत.

त्रिशला मात्र भरतेशच्या खाटेपाशी उभी होती. तिनं सगळं सांगून झालं होतं.

पद्मजानं ते ऐकलं आणि ती उभीच राहिली. “परवा समद्यांसमोर रेघ आली की, वन्सं. ती आज कशी पुसली?”

“सांगितलं ना मी...”

“पट्टी तुमच्या कारखान्याची. रक्त तुमचं. औषधं तुमच्या हातातली. तुम्हाला हवी तेव्हा रेघ येणार, नको तेव्हा जाणार.” तिचा आवाज चढला. “द्यायचं नसलं तर सरळ सांगायचं होतं. आम्ही काय तुमचा गळा धरणार होतो?”

“पद्मा,” भरतेश म्हणाला.

“न्हाई, बोलू दे मला! आठवडा राहिला होता नुसता.”

त्रिशलेला राग आला नाही. तिनं पिशवीतून पट्ट्या काढल्या, बोटाला सुई टोचली आणि दोघांच्या डोळ्यांसमोर सगळं करून दाखवलं. एक पट्टी गडद झाली. सीरम मिसळलेली कोरी राहिली. मग नव्या पद्धतीची पट्टी काढली. तीही कोरी. पद्मजा त्या कोऱ्या पट्ट्यांकडं बघत खाली बसली आणि तिनं पदर तोंडात धरला.

भरतेशनं बराच वेळ डोळे मिटून घेतले होते.

“अक्का, हे तुला कळलंच नसतं तर?”

“तर तू बरा झाला असतास.”

“आणि तू?”

तिनं पट्ट्या पिशवीत भरल्या. उत्तर त्याला मिळालंच होतं.

“कळल्यावर लगेच फोन केलास?” त्यानं विचारलं. तो तिचा भाऊ होता, तिला तो ओळखत होता.

“लगेच नाही,” त्रिशला म्हणाली. “गोठ्यात बसले होते जरा वेळ.”

त्यानं डोळे उघडले आणि तिच्याकडं असं बघितलं, की तिला ते सोसेना. ती खिडकीकडं वळली. मागून त्याचा आवाज आला, दमलेला, पण ट्रॅक्टरच्या गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसाच सरळ.

“ती बाई घरी गेली का?”

“गेली.”

“लहान पोर आहे म्हणालीस ना तिला. बरं झालं.”

मृत माणसाच्या यकृतासाठी त्याचं नाव यादीत घातलं. यादी लांब होती. पट्टी आल्यापासून माणसं घरातच देणारे शोधत, मेल्यावर यकृत द्यायची चाल मागं पडली होती. पावसाळा संपता संपता भरतेश गेला. शेवटचे काही दिवस त्याला माणसं ओळखू येत नव्हती. अक्काला मात्र तो हाक मारायचा, आणि ती ओ द्यायची.

*

नंतर त्रिशला रोज संध्याकाळी पद्मजाकडं जाऊ लागली. मुलाचा अभ्यास घ्यायची, भाजी निवडायची आणि परत यायची. पद्मजा तिच्याशी कामापुरतं बोलायची. चहा पुढं ठेवायची, पण समोर बसायची नाही. त्रिशलेनंही कधी विषय काढला नाही. हिचा राग खरा आहे, तो तिनं आपल्यावर नाही काढायचा तर कुणावर, असं तिला वाटायचं.

मग एके दिवशी पद्मजा चहाचा कप ठेवून तशीच उभी राहिली.

“वन्सं, एक विचारू? खरं सांगणार असाल तरच.”

“विचार.”

“ती जतची बाई मध्ये नसती, तर तुम्ही गप बसला असता?”

आतल्या खोलीत मुलगा मोठ्यानं पाढे म्हणत होता. त्रिशलेनं शेंग सोलता सोलता हात थांबवला.

“बसले असते.”

“आणि दिलं असतं?”

“दिलं असतं.”

पद्मजा तिच्यासमोर जमिनीवर बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

“मी तुम्हाला खोटं ठरवलं ना, त्याचं मला काही नाही वाटत. मला वाटतं ते दुसरंच. त्या दिवशी तुम्ही ते पट्ट्यांचं करून दाखवलं. तुमचं परत वाढणार नाही, तुम्ही वाचणार नाही, हे मला कळलं होतं. चांगलं कळलं होतं.” तिनं मान वर केली. “तरी माझ्या मनात आलं, की हिनं हे कशाला सांगितलं? गप का नाही बसली? मी तुम्हाला जाऊ दिलं असतं, वन्सं. सगळं माहीत असून जाऊ दिलं असतं.”

“मला माहीत आहे,” त्रिशला म्हणाली. “मी तेव्हाच तुझ्या तोंडाकडं बघितलं होतं.”

पद्मजा रडू लागली. त्रिशलेनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं आणि ती तिच्याजवळ जाऊन बसली.